आधी उतार विचारा
स्टॅनमोरहून मुलांना घेऊन भूमध्य समुद्रावर सुट्टीला निघणाऱ्या मराठी कुटुंबांनी किनारा निवडताना आधी पाण्याखालचा उतार विचारावा. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीचा फरक ४ मीटरच्या वर जातो. भूमध्यात बहुतेक ठिकाणी तो अर्धा मीटरही नसतो. त्यामुळे कोकणातली भरतीची वेळ पाहण्याची सवय तिथे पुरत नाही. मायोर्कातल्या अल्कुदियाला वाळू हळूहळू उतरते. नीसला मात्र गोटे, आणि काठालगतच खोल पाणी. ‘ब्लू फ्लॅग’ असला की झाले, असे कोणी म्हणेल. १९८५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेला तो झेंडा पाण्याची स्वच्छता, सोयी, सुरक्षा पाहतो आणि ते मोलाचेच आहे. पण चार वर्षांच्या मुलाचे पाय कुठवर टेकतील, हे तो सांगत नाही. शिवाय भरती नगण्य असली तरी वाऱ्याने लाटा उठतात, पाण्याला ओढ लागते, म्हणून जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतात, हेही हॉटेल ठरवण्याआधीच विचारून घ्यावे.