कुठली मनपा?

परवा नागपूरचा भाचा आला होता. निगडीच्या स्टॉपवर 'मनपा'ची पाटी लावलेली बस आली, तसं त्यानं विचारलं, "मावशी, कुठली मनपा? पिंपरी-चिंचवडलाही आहे ना महापालिका?" खरंच की! १९८२ पासून आहे. पण बसच्या पाटीवर मनपा म्हणजे शिवाजीनगरची, पुण्याची. हे कोणी सांगत नाही, सगळे धरूनच चालतात.

आमच्या एसक्यूएलमध्ये यालाच डीफॉल्ट डेटाबेस म्हणतात. नुसतं टेबलाचं नाव लिहिलं, की सर्व्हर ते चालू डेटाबेसमध्ये शोधतो. माझी फजिती यातूनच झाली होती. टेस्टमधल्या जुन्या नोंदी पुसायच्या होत्या, आणि समोर उघडी होती खऱ्या डेटाबेसची विंडो. 'ऑर्डर्स' नावाचं टेबल दोन्हीकडे. सर्व्हर बिचारा कशाला तक्रार करेल? रात्रभर बसून बॅकअपमधून नोंदी परत आणल्या... तेव्हापासून डिलीट किंवा अपडेट लिहिताना मी डेटाबेसचं नाव पुढे लावतेच. लोक हसतात, हसू देत.

दुसरा मुद्दा एलियसचा, म्हणजे टोपणनावांचा. डेक्कन जिमखान्याला आपण 'डेक्कन' म्हणतो तसं. पुष्कळांना वाटतं, हे फक्त टायपिंग वाचवायला. पण समजा, 'ज्यांचा ग्राहक क्रमांक या यादीत आहे त्या ऑर्डर्स पुसा' असं लिहिलं, आणि यादीच्या टेबलात त्या नावाचा कॉलमच नाही. एरर येईल? नाही! सर्व्हर मुकाट्यानं बाहेरच्या ऑर्डर्समधला तोच कॉलम घेतो. यादीत एक जरी ओळ असली, तरी क्रमांक असलेली प्रत्येक ऑर्डर अटीत बसते आणि टेबल साफ. यादीला टोपणनाव देऊन ते कॉलमच्या आधी लावलं असतं, तर सर्व्हरनं तिथेच अडवलं असतं.

फक्त ती नावं ए, बी, सी अशी नकोत. सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही बी कोण ते. :)

आपल्याला माहीत असतं म्हणून आपण लिहीत नाही, पण वाचणारा नागपूरहून आलेला असू शकतो, एवढंच माझं म्हणणं.

असो. बसमध्ये चढल्यावर कंडक्टरला मुद्दाम म्हटलं, "दोन, पुणे मनपा." त्यानं वरही न बघता तिकिटं फाडली आणि म्हणाला, "मग दुसरी कुठली?"