जगन्नाथाचा ‘जगरनॉट’ कोणी केला?

इंग्रजी शब्दकोशात ‘जगरनॉट’ म्हणजे वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी अनावर शक्ती. इंग्लंडात अवजड मालमोटारीलाही हेच नाव! हा शब्द पुरीच्या जगन्नाथावरून घडला, हे वापरणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते? भाविक रथाखाली देह टाकतात, असे चौदाव्या शतकात ओडोरिक या ख्रिस्ती भिक्षूने लिहून ठेवले. १८०६ मध्ये पुरीस गेलेल्या क्लॉडियस बुकॅनन या धर्मोपदेशकाने तेच चित्र अधिक भडक रंगवून इंग्लंडात पोहोचवले. पुढे डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्यानेच जुने पुरावे ताडून १८७२ च्या आपल्या ओरिसाविषयक ग्रंथात लिहिले की, रथाखालचे बहुतेक मृत्यू गर्दीतले अपघात होते आणि आत्मघात तर विष्णुपूजेच्या वृत्तीशीच विसंगत आहे. खुलासा ग्रंथालयात पडून राहिला, शब्द मात्र जगभर धावत सुटला. मराठीत ‘जगन्नाथाचा रथ’ म्हणजे अनेकांनी हात लावून ओढायचे मोठे कार्य. एकच रथ, तिकडे चिरडणारा, इकडे माणसे जोडणारा! तरीही सतत जिंकणाऱ्या संघाला ‘जगरनॉट’ म्हणण्यात आपल्याकडील इंग्रजाळलेल्या लेखण्यांना भूषण वाटते; तेही ‘विजयरथ’ हा शब्द हाताशी असताना.