गव्हावर फवारणी: विषबाधा कशी होते आणि घरच्यांनी काय करावे?

थंडीत चार दिवस ढगाळ गेले की सातारा-सांगलीकडे गव्हावर मावा दिसू लागतो. मग दुकानातून 'औषध' येते आणि पाठीवर पंप चढतो. हा शब्दच घात करतो. बाटलीत असते ते विष, आणि पोटात न जाताही ते अंगात भिनते.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर राज्याने मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांवर विदर्भातील काही जिल्ह्यांत 60 दिवसांची बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस 36 टक्के द्रावणावर केंद्राने देशभर बंदी आणली ती 2023 मध्ये, तीही साठा संपवायला मुदत देऊन. डॉक्टर म्हणून मला हा उशीर पटत नाही. ती मुदतही आता उलटली आहे. घरात जुनी बाटली असेल तर ती गव्हावर 'संपवून टाकू' नका, कृषी सहायकांना दाखवा.

उंच कपाशीत तुषार तोंडावर येतात. गहू कमरेखाली असतो, म्हणून इथे मांड्या आणि पाय भिजतात, आणि पंप गळका असेल तर पाठ. ओला सदरा तसाच अंगावर ठेवून दुपारपर्यंत काम केले की विष तितका वेळ कातडीतून आत जात राहते. पूर्ण बाह्या, हातमोजे, बूट, मास्क हवेतच; वाऱ्याकडे पाठ ठेवा, मध्येच तंबाखू मळू नका. बाटलीवरचा त्रिकोण हिरवा असला तरी ते विषच.

मुळात फवारणी लागते का, हेही पाहा. मावा थोडा असेल आणि ढालकिडे फिरत असतील तर ते तो खातात. तांबेरा ही तर बुरशी आहे, कीटकनाशकाने ती हटत नाही. तरी अनेक जण दोन्ही एकत्र मारतात.

फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, जुलाब, धूसर दिसणे, स्नायू फडफडणे किंवा धाप यांपैकी काही जाणवले तर 'ऊन लागले' म्हणून झोपवू नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, 108 ला फोन करा. मीठपाणी पाजून उलटी काढू नका. बाटली किंवा वेष्टन सोबत न्या: अॅट्रोपिन हा उतारा ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांच्या विषावर चालतो, सगळ्या कीटकनाशकांवर नाही.

रुग्ण सावरला की नातेवाईक घरी सोडा म्हणतात. ऑर्गनोफॉस्फेटमध्ये एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणे, श्वासाचे स्नायू दुबळे होणे असा दुसरा झटका येऊ शकतो. म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. घरी आल्यावरही मान लटकी वाटली तर रात्र काढू नका.