'नुसते छायाचित्र' ही शिवी मागे घ्या

मराठी समीक्षेत एखाद्या कादंबरीला कमी लेखायचे असेल, तर तिला 'छायाचित्रणात्मक' म्हटले की काम भागते. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) नागपुरात शिकवताना आम्हीही वर्षानुवर्षे सांगत आलो, की हे वऱ्हाडी जीवनाचे नुसते छायाचित्र नव्हे. स्तुती कादंबरीची होती. अवमान छायाचित्राचा होता. तो अज्ञानातून आलेला होता, हे आता मान्य केले पाहिजे.

यंत्र समोरचे जसेच्या तसे टिपते, हा या शिवीमागचा समज. मुळात तोच खोटा आहे. रोलच्या कॅमेऱ्यावर हिशेब करून फ्लॅश वापरणाऱ्याची रीत पाहा. १०० आयएसओच्या फिल्मला फ्लॅशचा गाइड नंबर मीटरमध्ये २८ असेल, तर त्याला अंतराने भागायचे. नवरा-नवरी साडेतीन मीटरवर असतील तर एफ/८; पाच मीटरवर असतील तर एफ/५.६. एफ/८ ठरले, की सात मीटरवर उभ्या असलेल्यांच्या वाट्याला चौथा हिस्सा प्रकाश येतो. ते दोन स्टॉपने अंधारात जातात. शटर १/६० ऐवजी १/१५ सेकंदावर ठेवले, तर नवरीवरचा फ्लॅश तेवढाच राहतो, पण मांडवातल्या दिव्यांच्या उजेडात मागची माणसे थोडी उजळतात. कोण उजेडात, कोण काळोखात, हे बटण दाबण्यापूर्वीच ठरलेले असते. कौतिकला किती जवळून पाहायचे आणि महादेवला किती अंतरावर ठेवायचे, हा शेळक्यांचा निर्णयही याच जातीचा. तिथे मात्र आपण त्याला निवेदनतंत्र म्हणतो!

शिवाय नुसता भागाकार पुरत नाही. गाइड नंबर सहसा एक खोली गृहीत धरतो: फिकट भिंती आणि प्रकाश परतवणारे छत. नागपुरातले रात्रीचे लग्न उघड्या लॉनवर असते. तिथे परतणारा प्रकाश नाही. म्हणून जाणता छायाचित्रकार साधारण एक स्टॉप अधिक उघडतो. दुसऱ्याच्या खोलीत ठरलेले माप आपल्या अंगणात जसेच्या तसे लावू नये, हे त्याला कळते. आयात निकषांनी ग्रामीण कादंबरी मोजणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना ते कितपत कळले?

कुणी म्हणेल, आता कॅमेराच सारे ठरवतो. ठरवतो खरा, पण तो सरासरी करड्या छटेकडे पाहून. काळ्या कोटाने चौकट भरली तर तो कोट करडा होतो. तिथेही निर्णय आहेच, फक्त तो दुसऱ्या कुणी आधीच घेऊन ठेवलेला आहे.

तेव्हा उत्तरपत्रिकेत 'छायाचित्रणात्मक' या शब्दाला गुण देणे आम्ही थांबवत आहोत. विद्यार्थ्याने तो जरूर वापरावा. मात्र प्रकाश कुठून, किती अंतरावरून आणि कुणाला वगळून आला, हे सांगण्याची जबाबदारी त्याची.