बॅटरी एकाची, हत्यार दुसऱ्याचे



सुरत जिल्ह्यातल्या वाड्यांवर गेल्या काही वर्षांत बॅटरीवर चालणारी हत्यारे झपाट्याने आली आहेत. आंब्या-चिकूची छाटणी करणारी कात्री, ड्रिल, छोटी करवत, गवत कापण्याचे यंत्र, पाठीवरचा फवारणी पंप. याचे कारण उघड आहे. २००३ साली सुरू झालेल्या ज्योतिग्राम योजनेत गावाची आणि शेतीची वीजवाहिनी वेगळी झाली. गावाला चोवीस तास वीज मिळाली, पण शेतावरची वीज ठरलेल्या तासांपुरती, तीही मोटारीसाठी. बांधावर ड्रिल चालवायचे तर बॅटरीच हवी.

पण येथेच एक गाठ बसली आहे. प्रत्येक कंपनीच्या बॅटरीची खाच वेगळी. ड्रिल एका कंपनीचे आणि कात्री दुसऱ्या कंपनीची घेतली, की बॅटऱ्या दोन, चार्जर दोन आणि खर्चही दुप्पट. म्हणून बाजारात अडॅप्टर आला. तो एका बाजूने बॅटरीवर बसतो, दुसऱ्या बाजूने परक्या हत्यारात. काहीजण म्हणतात, अडॅप्टर म्हणजे आगीला आमंत्रण, त्याला हात लावू नये. काहीजण म्हणतात, बसला की चालला, विचार कसला करायचा? माझ्या मते दोघेही चुकतात. अडॅप्टर ही काटकसरीची चांगली सोय आहे, पण ती समजून वापरणाऱ्यासाठी.

आधी बॅटरी समजून घ्यावी. एका डब्यावर १८ व्होल्ट लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘२० मॅक्स’. आत बहुधा एकच गोष्ट असते : लिथियमचे पाच सेल ओळीने जोडलेले. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणून पाचांचे १८. पूर्ण भरलेल्या सेलचा ४.२, म्हणून पाचांचे २१. तेव्हा आकड्यातला हा फरक पाहून घाबरू नये. मात्र सेल अडीच व्होल्टच्या खाली उतरला तर तो आतून खराब होतो, आणि तशी बॅटरी चार्जर पुन्हा स्वीकारत नाही. हा उतार वेळीच थांबवणारा पहारेकरी काही कंपन्यांनी बॅटरीत बसवला आहे, काहींनी हत्यारात. अडॅप्टरमुळे बॅटरी आणि हत्यार यांची ताटातूट झाली, की कित्येकदा पहारेकरी कोणाकडेच उरत नाही. म्हणून पहिला नियम : अडॅप्टरवर चालणारे हत्यार मंदावले, की त्याच क्षणी थांबावे. शेवटचा थेंब पिळू नये.

आता नेहमीच्या तक्रारी पाहू.

हत्यार मुळीच चालत नाही. प्रथम ती बॅटरी तिच्या स्वतःच्या हत्यारात घालून पाहावी. तेथे चालली तर दोष अडॅप्टरचा. पितळी पट्ट्यांवर धूळ किंवा उसाचा चिकट रस बसलेला असतो. कोरड्या फडक्याने पुसावे, पाणी व रॉकेल लावू नये. नंतर मल्टिमीटरने अडॅप्टरच्या बाहेरच्या टोकांवर दाब मोजावा. बॅटरीवर २० व्होल्ट आणि बाहेर शून्य, तर आतला फ्यूज किंवा तार गेली आहे. फ्यूज उडाला म्हणून तेथे तारेचा तुकडा जोडणे म्हणजे राखणीचा कुत्रा मारून चोराला दार उघडणे.

चालू होते आणि लगेच बंद पडते. याची कारणे दोन. काही हत्यारे तिसऱ्या पट्टीवरून बॅटरीची उष्णता विचारतात. अडॅप्टरने फक्त अधिक आणि उणे जोडले असेल तर उत्तर मिळत नाही आणि हत्यार थांबते. तेथे आपण जुगाड करू नये, त्या जोडीचा योग्य अडॅप्टर घ्यावा. दुसरे कारण सैल जोड. मोकळे असताना मीटर २० दाखवते आणि खटका दाबताच आकडा कोसळतो, तर पट्टी नीट चिकटत नाही, तार बारीक आहे किंवा बॅटरी म्हातारी झाली आहे.

अडॅप्टर तापतो. हे दुखणे अंगावर काढू नये. ५४० वॅटचे काम १८ व्होल्टवर करायचे तर ३० अँपिअर वाहतात. कात्री आणि ड्रिलचे हलके काम अडॅप्टरने खुशाल करावे, पण ग्राइंडर आणि करवतीला त्यांचीच बॅटरी द्यावी.

रात्री भरलेली बॅटरी सकाळी रिकामी. काही अडॅप्टरमध्ये लहान दिवा किंवा सर्किट असते. ते रात्रभर थोडे थोडे पीत राहते. काम संपले की अडॅप्टर काढून ठेवावा. आणि अडॅप्टरमधून चार्जिंग कधीही करू नये. ज्या बॅटरीचा चार्जर तिलाच. उन्हातून आणलेली तापलेली बॅटरी आधी सावलीत निववावी, मगच चार्जरला लावावी. अंथरुणाजवळ किंवा पेंढ्याजवळ तर नाहीच.

फवारणी पंपाविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण तेथे जिवाशी गाठ आहे. या पंपांत बहुधा १२ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की ड्रिलची बॅटरी अडॅप्टरने थेट जोडण्याचा मोह होतो. मोटार जोरात फिरते, दाब वाढतो, तुषार बारीक होतात आणि पानावर बसण्याऐवजी वाऱ्यावर तरंगत आपल्याच श्वासात येतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. त्या वेळी ज्या कारणांची चर्चा झाली त्यांत बॅटरीच्या पंपांचा अतिबारीक फवाराही होता. तेव्हा पंपाला १२ व्होल्टच द्यावेत. मोठी बॅटरी वापरायचीच असेल तर मध्ये व्होल्टेज उतरवणारा योग्य क्षमतेचा कन्व्हर्टर आणि फ्यूज जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा. औषधाने ओल्या हातांनी जोड उघडू नये.

बॅटरी फुगली, वास आला किंवा पडून चेपली तर तिला घराबाहेर, गवतापासून दूर ठेवावी. पेटली तर दूर व्हावे, धूर श्वासात घेऊ नये, लांबूनच भरपूर पाणी मारावे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती उकिरड्यावर किंवा खाडीत न टाकता दुकानदाराकडे किंवा मान्य केंद्रात द्यावी.

आता मुख्य मुद्दा. कंपन्या म्हणतात, परकी बॅटरी धोक्याची, म्हणून हमी देणार नाही. त्यात तथ्य आहे, हे वर पाहिलेच. पण तो धोका उत्पन्न कोणी केला? आपल्या ट्रॅक्टरकडे पाहा. ट्रॅक्टर एका कंपनीचा, रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीचा, तरी तीन कड्यांची जोडणी जुळते आणि पीटीओ ५४० फेऱ्यांनी दोघांनाही फिरवतो, कारण माप सर्वांनी एकच मानले. बॅटरीतही हे शक्य आहे. युरोपात काही कंपन्यांनी २०१८ पासून गट करून एकच १८ व्होल्टची बॅटरी अनेकांच्या हत्यारांत चालेल अशी व्यवस्था केली आहे. मोबाइलसाठी युरोपने २०२४ अखेर एकच चार्जिंग खाच सक्तीची केली. मग शेतकऱ्याच्या हत्याराला एक माप का नसावे? ही मागणी आपल्या सहकारी मंडळ्यांनी आणि शेतकरी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत शहाणपण आपल्या हाती आहे. फळियातल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच बॅटरीची हत्यारे घेण्याचे ठरवावे. मग कात्री एका घरी, ड्रिल दुसऱ्या घरी, बॅटरी सर्वांची. ज्या घरात आधीच दोन जातीची हत्यारे आली असतील, तेथे अडॅप्टर जरूर वापरावा, मात्र हलक्या कामाला आणि डोळे उघडे ठेवून. अडॅप्टर स्वस्त असतो, पण त्यामुळे गेलेली बॅटरी महाग पडते आणि भाजलेला हात त्याहून महाग.