अंगावर काढलेल्या दुखण्याची किंमत

दुखणे अंगावर काढणे हा आपल्याकडे सोशिकपणाचा गुण मानला जातो. परभणी जिल्ह्यातील मजुरांच्या घरी तो गुण नसून नाइलाज असतो. कापसाची वेचणी ऐन भरात असता अथवा ऊसतोडीला निघण्याची वेळ आली असता, मुलाचा गुडघा दुखतो म्हणून रोज बुडवणे परवडत नाही. मग तेल चोळले जाते, लेप लावला जातो, हाडवैद्याकडून पट्टी बांधली जाते. बहुतेक वेळा दुखणे थांबतेही. कारण हातापायांच्या दुखण्यामागे कर्करोग असणे ही विरळा गोष्ट. तथापि त्या विरळा प्रसंगी याच उपचारांत मोलाचे महिने निघून जातात.

ऑस्टिओसार्कोमा हा हाडांचा कर्करोग विशेषतः १० ते २० या वयात आणि बहुधा गुडघ्यालगत उद्भवतो. ‘खेळताना मार लागला असेल’ हे स्पष्टीकरण या वयात सहज पटते, आणि तेथेच फसगत होते. वाढत्या वयातील साधे दुखणे बहुधा दोन्ही पायांत असते व सकाळी नाहीसे होते. याउलट एकाच जागी टिकणारे, आठवड्यागणिक वाढणारे, रात्री झोप मोडणारे दुखणे, त्या जागी सूज, लंगडणे किंवा किरकोळ धक्क्याने मोडलेले हाड दिसले, तर चोळणे थांबवून क्ष-किरण तपासणी करून घेतली पाहिजे.

कॅनडाच्या टेरी फॉक्सने १९७७ साली, अठराव्या वर्षी, याच रोगात पाय गमावला. १९८१ मध्ये तो गेला. त्यानंतर रसायनोपचारांत मोठी प्रगती झाली आहे. रोग पसरण्यापूर्वी योग्य उपचार मिळाल्यास आज निम्म्याहून अधिक रुग्ण वाचतात आणि पुष्कळांचा पायही राखता येतो. मात्र संशय येताच गाठीचा तुकडा कोठेही न काढता, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या, पुढील शस्त्रक्रियाही करणाऱ्या केंद्रातच तो काढणे हिताचे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी निःशुल्क झाली आहे. तेव्हा खरा खर्च उरतो तो बुडालेल्या रोजाचा व एस.टी.च्या भाड्याचा. त्यापुढे उशिराची किंमत म्हणजे एक पाय, एखादे वेळी एक आयुष्य.

हा हिशेब त्या घराला समजावून कोणी सांगावा? वर्गात लंगडणारा विद्यार्थी सर्वांत आधी शिक्षकाच्या दृष्टीस पडतो. त्याने पालकांना बोलावून तपासणीचा आग्रह धरावा. आणि तो दिवस बुडाल्याची भरपाई त्या घराला कशी मिळेल, याचा विचार शासनाने करावा.