दुखण्यानंतरची पहिली मुलूखगिरी

दीर्घ दुखण्यातून उठलेल्या माणसास शिरड शहापुरातील मल्लिनाथ मंदिरापर्यंत चालत जाणे हीच मोहीम वाटते, आणि तेथून एस.टी.ने औंढा नागनाथ गाठावयाचे म्हणजे तर खासा मुलूखगिरीचा मनसुबा! 12 जानेवारी 1924 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झालेले महात्मा गांधी, सरकारने तुरुंगातून मुक्ततेचा हुकूम दिल्यावरही, लगोलग दौऱ्यावर न निघता जुहूच्या किनाऱ्यावर विश्रांतीस राहिले, हे आम्ही आमच्या उतावीळ मनास परोपरीने सांगून पाहिले, ते ऐकेना. अखेर डॉक्टरांची परवानगी, औषधांची पिशवी आणि कुटुंबाची सक्त ताकीद अशा सरंजामानिशी आम्ही खिडकीजवळची जागा पटकाविली. प्रत्येक खड्डा टाक्यांस जाणवला, पण हळदीची शेते दिसू लागली, आणि वाहकाने तिकीट हाती देत विचारले, “काका, कुठं होता इतके दिवस?”